गेटवर बसून 17 वर्षं मोजायची काय?

ह्या खेपेला फौजेतल्यांची आणि त्यांच्या घरच्यांची पत्रं बरीच आलीत, पण पहिलं एवढं लांब आणि एवढं खरं आहे की बाकीच्यांना जागा कमी पडली, राग मानू नका. नावं, गावं, युनिट काढून टाकलेत, बाकी शब्द ज्याचे त्याचे आहेत.

प्रश्न : जय हिंद साब. मी खानापूर तालुक्यातला, वय 37. मराठा लाइट इन्फंट्रीत 17 वर्षं करून दोन वर्षांमागं नायक म्हणून पेन्शनीवर आलो. शेवटची पाच वर्षं कोतमध्ये, म्हणजे कंपनीच्या हत्यारखान्यात होतो, कोत एनसीओ. येताना पैसे मिळाले त्यात घराचा स्लॅब टाकून झाला, बहिणीचं लग्न झालं, आणि पेन्शन निम्मी कम्युट केलेली, म्हणजे आगाऊ एकरकमी उचललेली, त्यामुळं महिन्याला हातात येते ती पुरत नाही. पोरगी सहावीत, पोरगा तिसरीत. म्हणून बेळगावच्या उद्यमबागात एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीला लागलो. 12 तास ड्युटी, गाड्यांचे नंबर रजिस्टरला लिहायचे, साहेबाची गाडी आली की उठून सॅल्यूट मारायचा. सुपरवायझर 23 वर्षांचा पोरगा, परवा सगळ्यांच्या समोर म्हणाला, ओ मिलिटरी, टोपी नीट घाला की. रात्रभर झोप लागली नाही साब.

बँकेची क्लार्कची परीक्षा दोनदा दिली. पहिल्यांदा घरात होतो तेव्हा थोडक्यात गेली, दुसऱ्यांदा गेटवर लागल्यावर वर जायचं सोडून अजून खाली गेलो. इंग्लिशचा उतारा वाचता वाचता डोळे मिटतात. गावात पारावर बसलं की एकच प्रश्न, काय करूलालास रे आता? काय सांगायचं? घरात म्हणतात सोडा तो नाद, शेतात लक्ष घाला. शेत दीड एकर, भाताचं, पावसावर. आता नव्यानं शिकायचं वय राहिलंय काय, का गेटवर बसूनच पुढची वर्षं मोजायची?

उत्तर : जय हिंद. टोपी खरंच वाकडी होती का ते तुम्ही लिहिलं नाही. हसण्यावारी नेत नाही हां, पण त्या पोराच्या जागी तुमचा एखादा उस्ताद असता तर ह्याच वाक्याला तुम्ही 'जी साब' म्हणून टोपी सरळ केली असती आणि रात्री घोरत झोपला असता. झोंबलंय ते टोपीचं नाही, 17 वर्षांनंतर आपण परत रिक्रूट झालो ह्याचं आहे, आणि ते झोंबणारच. मी 2006 ला नायब सुभेदार म्हणून पेन्शनीवर आलो, मलाही झोंबलं, त्यावर औषध मला अजून सापडलेलं नाही, फक्त काम शिकायला लागलं की ते झोंबणं मागं पडतं एवढं अनुभवानं सांगतो.

आता परीक्षेचं. दुसऱ्यांदा खाली गेलात ह्याचं कारण तुमच्याच पत्रात आहे. पहिली परीक्षा दिली तेव्हा तुम्ही घरात होता, दुसरी दिली तेव्हा गेटवर. 12 तास ड्युटी, खानापूर ते बेळगाव जाऊन येऊन दोन-अडीच तास, झोप पाच-साडेपाच तास, जेवण-आंघोळ-पोरांचा अभ्यास, उरलं काय? डोळे मिटतात ते इंग्लिशमुळं नव्हे हो, झोप राहिलीय म्हणून. डोकं मंद झालं, वय झालं असलं काही मनात आणू नका.

आणि वयाचा हिशोब कागदावर मांडून बघा, बहुतेक जण मांडतच नाहीत. बँक क्लार्कला जनरलची मर्यादा 28. माजी सैनिकाला त्यात सर्व्हिसची वर्षं अधिक 3 मिळतात, वरची सीमा 50. म्हणजे 28 अधिक 17 अधिक 3, झाले 48. तुम्ही 37. तुमच्याकडं अजून 11 वर्षं आहेत, आणि तुम्ही विचारताय वय राहिलंय काय. डिग्रीचंही तसंच, दहावी पास, 15 वर्षं सर्व्हिस आणि त्यावर फौजेचं शिक्षणाचं स्पेशल सर्टिफिकेट असलं की क्लार्कच्या जागेला डिग्री नसली तरी चालते. सरकारी बँकांत क्लार्कच्या जागांत 14.5 टक्के माजी सैनिकांना राखीव असतात (त्यातले साडेचार टक्के अपंगत्व आलेल्या जवानांना आणि शहिदांच्या घरच्यांना), आणि बहुतेक ठिकाणी आपला कटऑफ जनरलपेक्षा बराच खाली लागतो. थोडक्यात गेली म्हणताय ना पहिल्यांदा? मग दार उघडंच आहे, तुम्ही उंबऱ्यावर ठेचकाळलाय.

आता ठेचकाळलाय कुठं ते बघू. प्रिलिमला, म्हणजे पहिल्या चाळणी परीक्षेला 100 प्रश्न, 60 मिनिटं. इंग्लिश 30, गणित 35, रीझनिंग 35, प्रत्येकाला 20 मिनिटं वेगळी. चुकलं की पाव मार्क जातो. मी पैज लावतो की तुम्ही सगळे 100 ठोकून आलाय. आपल्या लोकांची ही खोड, मॅगझीन भरलेली परत न्यायची नाही म्हणून सगळी खाली करायची. तुम्ही कोतमध्ये होता, झीरोइंग मी तुम्हाला काय सांगू. पाच राउंड मारायचे, टार्गेटपर्यंत चालत जायचं, ग्रुप कुठं पडलाय बघायचं, मग साइट हलवायची. ग्रुप डावीकडं पडतोय म्हणून कोणी रायफल फेकून देत नाही आणि न बघता पुढचे पन्नास मारतही नाही. आठवड्याला एकच मॉक टेस्ट द्या, रविवारी, घड्याळ लावून, आणि सोमवार ते शनिवार फक्त चुकलेल्या प्रश्नांशी भांडा. एका वहीत प्रत्येक चुकीपुढं लिहायचं, आलं नाही, का आलं पण घाई केली, का अंदाजानं ठोकलं. महिन्यात दिसेल ग्रुप कुठं पडतोय. माझ्याकडं अभ्यासाला बसलेल्या पोरांत मी बघितलंय, बहुतेकांचा अंदाजाच्या खान्यात पडतो. तो बंद केला तरी चार-पाच मार्क तसेच वाचतात, नवीन काही न शिकता!

अभ्यासाची वेळ मी पहाटेची धरतोय. फौजेतली जाग अजून गेली नसेल तुमची, चारला डोळा उघडत असणार आणि मग छत बघत पडत असणार. तीच वेळ. रात्री ड्युटीवरनं आल्यावर पुस्तक उघडायचं नाही म्हणजे नाही.

आता थोडं कडू. कन्नड. क्लार्कला ज्या राज्यातनं फॉर्म भरता तिथली भाषा लिहिता-वाचता-बोलता यावी लागते, कर्नाटकातनं भरला तर कन्नड. स्टेट बँकेत दहावी-बारावीच्या मार्कशीटला ती भाषा विषय म्हणून असली की वेगळी टेस्ट लागत नाही, बाकीच्या बँकांचं त्या त्या जाहिरातीत नीट वाचा. तुमची मराठी शाळा असली तरी कन्नड विषय होता ना? ट्रंकेतनं मार्कशीट काढा. नाहीतर महाराष्ट्रातनं भरा, मराठी आहेच, आणि नशीब असलं तर चंदगड-गडहिंग्लजला पोस्टिंग, घरापासनं लांब नाही. पण फॉर्म एकाच राज्याचा भरता येतो, म्हणून आधीच ठरवा. मी तर म्हणतो कन्नड शिकाच. कन्नड शिकलं म्हणजे सीमाप्रश्न सोडला असं होत नाही, आमच्या घरात 1956 पासनंचा राग आहे आणि तरी मला कन्नड येतं. फौजेत पंजाब्याबरोबर पंजाबी बोललाच ना, तिथं कुठं आडवं आलं? उद्या काउंटरवर बैलहोंगलची एखादी अज्जी येऊन 'नन्न रोक्का बंदावेन?' (माझे पैसे आलेत काय?) विचारणार, तिला 'गोत्तिल्ला' (ठाऊक नाही) सांगून चालायचं नाही. खानापूरच्या बसमध्ये रोज दोन तास बसताच, मोबाईल खिशात ठेवा आणि शेजारच्याशी बोला.

इथवर बँकेचं झालं. पण तुमचं पत्र वाचताना मी जास्त वेळ अडकलो ते एका शब्दावर, जो तुम्ही सहज लिहून पुढं गेलाय. कोत एनसीओ.

तुमचा बायोडाटा मला दिसतोय न बघता. नाव, वय, दहावी, 'इंडियन आर्मी 17 इयर्स', आणि खाली 'हार्ड वर्किंग, डिसिप्लिन्ड'. कारखान्यातल्या एचआरच्या पोराला त्यातनं काय कळणार? त्याला मिलिटरी म्हणजे बंदूक, बंदूक म्हणजे सिक्युरिटी, चला गेटवर. त्याचा दोष नाही. आता कोतमध्ये तुम्ही काय करत होता ते सिव्हिलच्या भाषेत सांगू. कंपनीची सगळी हत्यारं, प्रत्येकाला नंबर. सकाळ-संध्याकाळ मोजणी. कोणी काय नेलं, किती वाजता नेलं, कोणत्या हालतीत परत दिलं, सही. साफसफाई, ऑइलिंग, इन्स्पेक्शनची तयारी, दुरुस्तीला गेलेलं वेगळं, वापरायच्या लायकीचं नाही ते वेगळं. आणि एक पिन कमी पडली तर अख्खी कंपनी उभी. पाच वर्षं हे केलंत आणि एकदाही शॉर्टेज नाही (असतं तर नायक म्हणून मानानं पेन्शन आली नसती).

हेच काम उद्यमबाग-मच्छेतल्या प्रत्येक मशीन शॉपला लागतं, तिथं त्याला टूल स्टोअर म्हणतात. बेळगावात फाउंड्री आणि मशीन शॉप किती आहेत ते तुम्ही गेटवर बसून रोज बघताच. कार्बाइडचे इन्सर्ट (मशीनला लावायचे कापायचे तुकडे), ड्रिल, टॅप, गेज, मायक्रोमीटर, सगळं लहान, महाग आणि खिशात मावणारं. मालकांचं दुखणं विचारा, दर महिन्याला इन्सर्ट कुठं जातात पत्ता लागत नाही, सेकंड शिफ्टवाला फर्स्टवर ढकलतो आणि फर्स्टवाला थर्डवर. त्यांना हवा असतो असा एक माणूस जो सही घेतल्याशिवाय सख्ख्या भावालाही ड्रिल देणार नाही. तो माणूस त्यांच्याच गेटवर गाड्यांचे नंबर लिहीत बसलाय!

कमी काय आहे तुमच्यात तेही सांगतो. दोन गोष्टी. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर ही बारीक मापं घ्यायची साधनं वाचता येत नसणार, एकावर 0.02 मिमी, दुसऱ्यावर 0.01 मिमी, कोणा टर्नरला चहा पाजून दोन दुपारी बसा, येतं. दुसरं एक्सेल, त्याला तीन महिने धरा.

एक्सेलचं नाव काढलं म्हणून माझं सांगतो. पेन्शनीवर आल्यावर मी टिळकवाडीत एका कॉम्प्युटर क्लासला नाव घातलं. सगळी पोरं-पोरी अठरा-एकोणीसची, शिकवणारे सर पंचवीसचे, मला काका म्हणायचे. माऊस सरकवता सरकवता मी टेबलाच्या कडेला न्यायचो आणि खाली पाडायचो, रोज. मागच्या रांगेतनं खुसखुस. पण लेजरची सवय होती, म्हणून बेरजेचा फॉर्म्युला लावायच्या आधी मी वहीत हातानं बेरीज करून ठेवायचो, मशीनवर भरवसा नाही म्हणून. एक दिवस जुळेना. माझी बेरीज वेगळी, कॉम्प्युटरची वेगळी. सर म्हणाले काका तुमची चुकली असेल, कॉम्प्युटर चुकत नाही. मी तीनदा केली, तेवढीच आली. मग सर आणि दोन पोरं येऊन खाना-खाना बघत बसले तर एका आकड्यात शून्याच्या जागी मी इंग्रजी ओ दाबलेला, त्यामुळं कॉम्प्युटर त्याला आकडाच धरत नव्हता. म्हणजे चूक माझीच, पण पकडली पण मीच. दुसऱ्या दिवसापासनं पोरं आपली शीट माझ्याकडं आणायला लागली, काका जरा बघा की. पुढं एका फाउंड्रीच्या स्टोअरला 11 वर्षं काढली, पिग आयर्न, बेंटोनाइट, कोल डस्ट, ग्राइंडिंग व्हील, सगळ्याची बिनकार्ड, म्हणजे कशाचा किती साठा आला-गेला-उरला त्याच्या नोंदी. सुरुवातीचा पगार सिक्युरिटीपेक्षा हजारभर रुपयेच जास्त होता, खोटं कशाला सांगू. पण ड्युटी 8 तास.

तुम्हालाही तेच हवंय, पगारापेक्षा ते चार तास. म्हणून रागानं नोकरी सोडू नका, महिना पुरा करा, हिशोब घ्या, आणि त्याच कारखान्यात स्टोअरच्या इनचार्जला गाठा. तुम्ही गेटवर आहात म्हणजे कुठला माल कधी येतो, चलान कुणाचं, परत कुणाचा माल गेला हे तुम्हाला आतल्यापेक्षा जास्त माहीत आहे. बायोडाट्यात पाचच ओळी लिहा, वर सांगितल्या तशा, 'हार्ड वर्किंग' खोडा.

बेळगावच्या सैनिक कल्याण आणि पुनर्वसन खात्याच्या ऑफिसात नोकरीसाठी नाव नोंदवलंय का ते बघा, नोंदवलं असलं तर रिन्यू केलंय का बघा, आणि डिस्चार्ज बुकातलं नाव, दहावीचं नाव आणि आधारचं नाव अक्षर अन् अक्षर जुळतंय का तेही. वडिलांच्या नावातल्या एका वेलांटीवरनं मुलाखतीतनं परत आलेली पोरं मी बघितलीयत. अजून एक, हे कमी लोकांना माहीत असतं. केंद्राच्या नियमात एकदा सरकारी नोकरीत माजी सैनिक कोट्यातनं रुजू झालात की तो कोटा परत मिळत नाही. पण रुजू होण्याआधीच दुसरीकडं फॉर्म भरलेले असतील आणि रुजू होताच त्यांची तारखेसकट यादी लिहून दिली असेल तर त्या जागांना कोटा चालतो. ती यादी द्यायला विसरू नका.

वहिनींचं म्हणाल तर त्या चुकीचं बोलत नाहीत. त्यांनी इतकी वर्षं एकटीनं घर ओढलंय आणि आता घरात आलेला माणूस पण पुस्तकात तोंड घालून बसलाय. दीड एकर भात म्हणजे जूनपासनं सुगीपर्यंतचं काम, त्यात घर चालायचं नाही हे त्यांनाही माहीत आहे. त्यांना तारीख हवीय. द्या. अजून दोन वेळा परीक्षा, त्यात झालं तर झालं, नाहीतर स्टोअर हीच लाइन, आणि भाताची लावण-कापणी दोन्ही सुट्ट्या घेऊन करायची. कॅलेंडरवर त्यांच्यासमोर लिहा.

पारावर कोणी विचारलं तर सांगा, शिकूलालोय. पुढं विचारणार नाहीत.

प्रश्न : काका, मी अग्निवीर, निपाणीजवळचा. दीड वर्षं राहिलीत. कायम झालो नाही तर काय? आमच्या बॅचची पोरं येताना थार घ्यायची ठरवूलालेत.

उत्तर : बाळा, वर जे माजी सैनिकांचे नियम लिहिलेत ते तुला लागू नाहीत, हे आधी डोक्यात घे. चार वर्षांनी पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, 15 वर्षं सर्व्हिस म्हणून डिग्री धरायची सवलत तर नाहीच. कायम होणार जास्तीत जास्त 25 टक्के. बाकीच्यांना सेवा निधीचे साधारण 11.71 लाख, त्यातले निम्मे तुझ्याच पगारातनं दर महिन्याला कापलेले 30 टक्के आहेत, म्हणून फुकट मिळाले असं समजू नको. निमलष्करी दलात अग्निवीरांना 2022 ला 10 टक्के आरक्षण जाहीर झालं, वयातही सूट आहे, त्याची तयारी म्हणजे पळणं तुला रोजचंच, गणित आणि रीझनिंग आत्तापासनं सुरू कर. दहावीवर गेला असशील तर एनआयओएसकडनं (मुक्त शाळा) बारावीची सोय आहे, इग्नूची (मुक्त विद्यापीठ) डिग्री पण आहे ज्यात फौजेतल्या ट्रेनिंगचे निम्मे क्रेडिट धरतात. युनिटच्या एज्युकेशन हवालदाराला गाठ, आजच्या आज, तो मागं लागलेल्याचंच काम करतो.

थारचं काय बोलायचं. शोरूमातनं बाहेर काढली की किंमत उतरली. पैसे एफडीत टाक, पावती आईकडं दे, आणि सहा महिने कोणाला सांगू नको किती मिळाले, नाहीतर पाहुणे मोजायला येतील. गाडी चालवायचीच असली तर युनिटमध्ये हेवी लायसन्सचं काही जमतंय का बघ, ते जन्मभर खायला घालतं.

प्रश्न : आमचे हे मागच्या वर्षी पेन्शनीवर आले. पहाटे साडेचारला सगळ्यांना उठवतात, पांघरुणाची घडी चौकोनी नसली की परत घालायला लावतात, पोरं वैतागलीत. आणि दिवसभर बाहेरच्या खोलीत बसून असतात, कोणाशी बोलत नाहीत. काय करू? (एक वाचक भगिनी, बेळगाव तालुका)

उत्तर : ताई, घड्यांचं मनावर घेऊ नका. तीस-चाळीस माणसं सांभाळलेल्या माणसाला अचानक तीनच सापडलीत, म्हणून होतंय. त्यांना घरातलं एखादं आख्खं खातं द्या, मदत म्हणून नको, जबाबदारी म्हणून. दुधाचा हिशोब, पोरांची फी, वीजबिल, जे काय असेल ते. आणि मग त्यात तुम्ही बोलायचं नाही, वाण्याकडनं जास्तीचं आणलं तरी.

दिवसभर गप्प बसणं मात्र घडीसारखं सोडून देऊ नका. झोप लागते का, जेवण कमी झालंय का, कँटीनचा दारूचा कोटा महिनाभर पुरतो का दहा दिवसात संपतो, एवढं गुपचूप बघा. तसं काही दिसलं तर बेळगावात ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं पॉलिक्लिनिक आहे, बीपी तपासायचंय म्हणून घेऊन जा आणि आत डॉक्टरला खरं सांगा, पुढं मानसोपचार तज्ज्ञाकडं रेफर करतात, कार्डावर होतं. मी स्वतः गेलो होतो, बीपीच्याच नावाखाली.

पांघरुणाची ती घडी तेवढी शिकून घ्या, कपाटात निम्म्या जागेत बसतात.